बारा फ्लॅटची सोसायटी आणि मागे उरलेले दोघं

माझा भाचा एमएस करायला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि दोन वर्षांत पक्का फुटबॉलवेडा होऊन बसला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याचा व्हॉट्सॲप आला, "मामा, आमची कॉन्फरन्स फुटली." मला वाटलं कुठलीतरी शैक्षणिक परिषद रद्द झाली असेल, पेपर वाचायचा राहिला असेल, म्हटलं अरे पुढच्या वर्षी वाच की, त्यात काय एवढं. त्यावर त्याने जो व्हॉइस मेसेज पाठवला तो अकरा मिनिटांचा होता. त्यानंतर मी यात जो घुसलो तो घुसलोच, आणि आता मला वाटतं की हे प्रकरण मराठी माणसाला अमेरिकन माणसापेक्षा जास्त लवकर कळेल, कारण आपण सोसायट्यांची रिडेव्हलपमेंट बघितलेली आहे.

आधी मुळाक्षरं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला, लांबट बॉलचा. तिकडे कॉलेजच्या पोरांचा हा खेळ म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीच्या इंटरझोनलसारखा प्रकार नाहीये, की आई-बाबा आणि पीटीचे सर सोडले तर मैदानावर कोणी नाही. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांच्या वर आहे आणि ते भरतं. शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार. प्रोफेशनल लीग रविवारी खेळते आणि सीझनच्या बऱ्याचशा भागात शनिवार ती कॉलेजवाल्यांना सोडून देते, त्यामागे १९६१ चा एक कायदाही आहे.

तर या युनिव्हर्सिट्या गटागटाने राहतात आणि त्या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. गटातले एकमेकांशी खेळणार, गटाचा चॅम्पियन ठरणार, वेळापत्रक आणि अंपायर गट बघणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांच्या मॅचेसचे टीव्ही हक्क गठ्ठ्याने विकून पैसे आपसात वाटून घेणार. मूळ कल्पना शेजाऱ्यांची होती. एका पट्ट्यातली कॉलेजं, रेल्वेने किंवा बसने जाता येईल एवढी अंतरं, पिढ्यानपिढ्या चालत आलेली खुन्नस. भाच्याची ही पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंडला चार कॉलेजांनी सुरू केली, पुढे तिची नावं बदलत गेली, ८ झाले तेव्हा पॅक-८, १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन आली की पॅक-१०, २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आले की पॅक-१२. आकडा आणि सभासद जुळायचे, हीसुद्धा तिथे कौतुकाची गोष्ट आहे, कारण आजघडीला बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये १८ टीम आहेत, बिग १२ मध्ये १६ आहेत आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स ऊर्फ एसीसीमध्ये पॅसिफिकच्या काठावरची दोन कॉलेजं आहेत. आणि पॅक-१२ मध्ये दोन वर्षं किती टीम होत्या? दोन. विनोद नाही, खरंच दोन.

आता हे झालं कसं.

पहिला धागा १९८४ चा. तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचं टीव्हीवर काय दाखवायचं आणि कितीदा हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिट्यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी चालणार नाही. झालं, ज्याचे हक्क तो विकणार. एकट्याने विकण्यापेक्षा गटाने विकलं तर भाव जास्त येतो, म्हणून कॉन्फरन्स जी शेजाऱ्यांची मंडळी होती ती हळूहळू टीव्ही हक्कांची सोसायटी झाली. आणि सोसायटी म्हटली की तिथे रोडफेसिंग फ्लॅट असतो, मागच्या बाजूचा असतो, मेंटेनन्स सगळ्यांना सारखाच का असा वाद असतो, आणि एक दिवस बिल्डर येतो.

इथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या नाहीतर पुढचं सगळं नुसती हाव वाटेल. बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये फुटबॉल हा घरातला कमावता मुलगा आहे. पोहणं, रोइंग, जिम्नॅस्टिक्स, व्हॉलीबॉल, ट्रॅक, हे सगळं मुख्यत्वे फुटबॉलच्या आणि थोडंफार बास्केटबॉलच्या पैशावर चालतं. अमेरिकेची जी ऑलिम्पिक पदकं आपण बघतो त्यातली कितीतरी स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, कॅल (म्हणजे बर्कली) इथे शिकलेल्या पोरापोरींची असतात, पॅक-१२ स्वतःला 'चॅम्पियन्सची कॉन्फरन्स' म्हणवायची ते उगाच नाही, सगळ्या खेळांचे मिळून ५०० च्या वर राष्ट्रीय किताब तिच्या नावावर होते. पण टीव्हीवाला चेक लिहितो तो पोहण्यासाठी नाही.

२०११ मध्ये पॅक-१२ चे कमिशनर होते लॅरी स्कॉट. कमिशनर म्हणजे पगारी सेक्रेटरी समजा, मालक नाही, मालक सगळे युनिव्हर्सिट्यांचे प्रेसिडेंट. स्कॉटनी ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी १२ वर्षांचा करार केला, साधारण ३०० कोटी डॉलरचा. म्हणजे वर्षाला २५ कोटी, माणशी दोन कोटींच्या जरा वर. त्यावेळी हा करार डोळे दिपवणारा होता, लोकांनी स्कॉटना डोक्यावर घेतलं. शिवाय ठरलं की हा पैसा सगळ्यांना सारखा वाटायचा, लॉस एंजेलिसच्या यूएससीला जेवढा तेवढाच डोंगरातल्या वॉशिंग्टन स्टेटला. सोसायटी म्हणून फार छान. फक्त १२ वर्षं हा फार मोठा काळ असतो, या बाजारात तर असतोच, आणि बाकीच्यांचे करार मधेमधे नव्या भावाने होत गेले तेव्हा हे आपल्या जुन्या भाड्यावर बसून राहिले.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचं चॅनेल. बिग टेनने २००७ मध्ये चॅनेल काढलं ते फॉक्सला भागीदार घेऊन. फॉक्सचं वजन असल्यामुळे केबलवाल्यांना ते दाखवणं भाग पडलं. पॅक-१२ वाल्यांनी २०१२ मध्ये काढलं तेव्हा म्हटलं की भागीदार कशाला, नफा वाटून कशाला द्यायचा, १०० टक्के आपलंच ठेवू. तर मग डायरेक्टीव्ही नावाची जी मोठी सॅटेलाइट कंपनी आहे तिच्याशी यांचं कधीच जमलं नाही, शेवटपर्यंत नाही. बारा वर्षं कितीतरी घरांमध्ये पॅक-१२ नेटवर्क दिसलंच नाही. वर ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोच्या ऐन मोक्याच्या जागी, भाडं आकाशाला. नंतर २०२३ च्या सुरुवातीला बाहेर आलं की कॉमकास्ट ही केबल कंपनी चुकून काही वर्षं जास्त पैसे देत होती, सुमारे ५ कोटी डॉलर, आणि कॉन्फरन्समधल्या वरच्या काही लोकांना ते माहीत होतं. ते पैसे परत करायचे होते. आपल्याकडे ऑडिटमध्ये असं निघालं की पुढची एजीएम कशी होते ते तुम्हाला माहितीये.

तिसरी अडचण मात्र कोणाच्याच हातात नव्हती, ती घड्याळाची. किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू झाली की न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. निम्म्याहून जास्त देश झोपायला निघालेला. या उशिराच्या मॅचेसना 'पॅक-१२ आफ्टर डार्क' असं लाडाचं नाव पडलं होतं, काहीतरी विचित्र घडणार, पन्नास-पन्नास पॉइंट होणार अशी ख्याती, पण बघणारे कमी. (आपल्याकडे तेव्हा रविवार सकाळचे आठ वाजलेले असतात, पोह्यांबरोबर उत्तम, पण पुण्यातल्या एका मामाच्या जोरावर जाहिराती मिळत नाहीत.) किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांमध्ये करमणुकीला दुसरं पुष्कळ काही आहे, समुद्र आहे, चार-पाच खेळांच्या प्रोफेशनल टीम आहेत. अलाबामात किंवा ओहायोमध्ये शनिवारी दुसरं काही नसतंच, असं तिकडचेच लोक अभिमानाने सांगतात.

आता २०२१. जुलैमध्ये बातमी फुटली की टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग १२ सोडून एसईसीमध्ये जाणार. एसईसी म्हणजे दक्षिणेकडची दादा कॉन्फरन्स. बिग १२ चे दोन सगळ्यात श्रीमंत सभासद गेले, उरलेले आठ जण घाबरलेले, कोण आपल्याला घेतंय का बघत दारोदार फिरत होते. पॅक-१२ ने तेव्हा ठरवलं असतं तर त्यातले चांगले चार उचलून टेक्ससच्या बाजारात पाय ठेवता आला असता. नवे कमिशनर जॉर्ज क्लिआवकॉफ नुकतेच आले होते, लास वेगासच्या कॅसिनो-हॉटेलच्या धंद्यातून. ऑगस्टच्या शेवटी पॅक-१२ ने जाहीर केलं, आम्हाला वाढायचं नाहीये. उलट बिग टेन आणि एसीसीबरोबर एक 'अलायन्स' केला, म्हणजे आपण तिघं सभ्य माणसं, एकमेकांच्या सभासदांवर डोळा ठेवणार नाही, अशा भावनेचा. कागदावर करार काहीच नव्हता, नुसता विश्वास. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. चॅनेलची चूक पैशाची होती, पण ही चूक समोरच्याला न ओळखण्याची होती.

कारण वर्ष व्हायच्या आत, ३० जून २०२२ ला, त्याच सभ्य बिग टेनने यूएससी आणि यूसीएलएला घेतलं. लॉस एंजेलिस हा अमेरिकेतला दुसऱ्या नंबरचा टीव्ही बाजार. म्हणजे सोसायटीची रस्त्यावरची दोन्ही दुकानं गेली. आणि ऑगस्टमध्ये बिग टेनचा नवा करार जाहीर झाला, फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर, सात वर्षं, ७०० कोटी डॉलरच्या वर. वर्षाला १०० कोटी. भागाकार तुम्हीच करा आणि पॅक-१२ च्या दोन कोटींशी ताडून बघा. यूएससीला शिव्या घालणं सोपं आहे, मीही भाच्याच्या समाधानासाठी घालतो, पण एवढा फरक समोर असताना थांबा म्हणणारा प्रेसिडेंट घरी गेला असता.

उरले दहा. तरीही सोसायटी वाचू शकत होती, हे लक्षात ठेवा, सिएटल होतं, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया होता, फिनिक्स, डेन्व्हर होते. पण आता शर्यत लागली ती बिग १२ बरोबर, तीच घाबरलेली बिग १२. तिने मधल्या काळात बीवाययू, ह्यूस्टन, सिनसिनाटी, सेंट्रल फ्लोरिडा असे चार नवे सभासद करून घेतले होते आणि ब्रेट यॉर्मार्क नावाचे नवे कमिशनर आणले होते. टीव्हीवाल्यांकडे पैसे मोजकेच आहेत आणि लायनीत दोघं आहेत हे यॉर्मार्कनी ओळखलं. आपला करार संपायला वेळ असतानाच ते पुढे गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा करार करून मोकळे झाले, २२८ कोटी डॉलर, माणशी वर्षाला ३ कोटी १७ लाख. भारी नाही, पण हातात आले. पॅक-१२ ला पण ईएसपीएनने माणशी ३ कोटींच्या आसपास देऊ केले होते अशा बातम्या आल्या, आणि यांनी म्हणे ५ कोटी मागितले. तीन कोटी नाकारून पाच मागणारा फ्लॅटमालक तुमच्याही ओळखीचा असेल. बिल्डर हो-नाही काही बोलला नाही, शेजारच्या बिल्डिंगकडे गेला.

मग नऊ-दहा महिने नुसतं 'होतंय, होतंय'. दर महिन्याला बातमी, करार अगदी जवळ आलाय. यात सॅन डिएगो स्टेटची तर फारच फजिती झाली, त्यांना वाटलं पॅक-१२ आपल्याला बोलावणार, म्हणून जून २०२३ मध्ये त्यांनी आपल्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला आम्ही निघतोय अशा अर्थाचं पत्र दिलं, आमंत्रण काही आलं नाही, आणि मग ते पत्र म्हणजे राजीनामा नव्हताच असं म्हणत परत जुन्या टेबलावर बसावं लागलं. जुलैच्या शेवटी कोलोरॅडो वैतागून बिग १२ मध्ये गेलं. १ ऑगस्टला शेवटी करार टेबलावर आला, कुणाचा? ॲपलचा. सगळ्या मॅचेस ॲपच्या सबस्क्रिप्शनवर, सुरुवातीला माणशी अडीच कोटींच्या आत-बाहेर, आणि सबस्क्रायबर वाढले तर पैसे वाढणार. 'तर'. कोच लोकांच्या पोटात गोळा आला, कारण ज्या पोराला तुम्ही भरती करायला जाता त्याची आजी टीव्ही लावते, ॲप उघडत नाही.

४ ऑगस्टला सकाळी नऊ जणांनी सह्या करायच्या होत्या. सह्या झाल्या नाहीत. वॉशिंग्टन (हे सिएटलचं, भाच्याचं वॉशिंग्टन स्टेट वेगळं) आणि ओरेगन बिग टेनमध्ये गेले, तेही अर्ध्या वाट्यावर, साधारण ३ कोटी डॉलरवर, पण टीव्हीच्या खऱ्या पैशावर. ते गेले म्हटल्यावर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा त्याच दिवशी बिग १२ मध्ये. १०८ वर्षांची संस्था एका शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चारावर आली. गंमत बघा, यातल्या प्रत्येकाला एकत्र राहायचं होतं, निदान तसं सगळे म्हणत होते, पण पहिल्या माणसाने सही केल्याशिवाय मी करणार नाही असं नऊच्या नऊ जण म्हणत असतील तर कागद कोराच राहतो.

आणि त्यांना एवढं पटकन जाता आलं कसं? इथे एक शब्द शिकायला लागतो, 'ग्रँट ऑफ राइट्स'. सभासद आपले टीव्ही हक्क ठरावीक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावावर लिहून देतो, तो गेला तरी त्याच्या घरच्या मॅचचे हक्क मागेच राहतात. पॉवर ऑफ ॲटर्नी दिल्यासारखं. पॅक-१२ चं हे बंधन जुन्या करारासोबत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होतं आणि नवीन झालंच नव्हतं, म्हणून दार सताड उघडं. याच्या उलट एसीसी. तिने २०३६ पर्यंतचं लिहून घेतलेलं, त्यामुळे फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन यांना भाव कमी मिळतोय म्हणून जायचं होतं पण जाता येईना, दोघांनी कोर्टात केसेस टाकल्या, आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली की ज्याच्या मॅचेस लोक जास्त बघतात त्याला जास्त वाटा आणि बाहेर पडायची किंमत वर्षागणिक कमी. म्हणजे एसीसीही वाचली ती 'सगळ्यांना सारखं' सोडून देऊनच.

त्या एसीसीमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅल गेले. जगातल्या नावाजलेल्या दोन युनिव्हर्सिट्या, आणि त्यांनी पहिली सात वर्षं टीव्ही पैशाचा फक्त ३० टक्के वाटा घ्यायचं कबूल केलं. डॅलसच्या एसएमयू या युनिव्हर्सिटीने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा घेणार नाही म्हणून प्रवेश मिळवला, त्यांच्या मागे तेलाचे आणि जमिनीचे पैसेवाले माजी विद्यार्थी उभे आहेत, त्यांना परवडतं.

या सगळ्यात चिरडले जातात ते फुटबॉलवाले नाहीत. फुटबॉलची टीम आठवड्यात एकदा चार्टर विमानाने जाते, येते. यूसीएलएच्या व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉलच्या मुलींना न्यू जर्सीला रट्गर्सशी खेळायला जायचं म्हणजे एका बाजूने जवळपास ४,००० किलोमीटर, मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत मुंबईला यायचं तेवढं, आणि ही त्यांची कॉन्फरन्समधली साधी मॅच. तीन तासांचा फरक, मंगळवारी लेक्चर, गुरुवारी परीक्षा. यूसीएलएच्या जाण्याने कॅलचं नुकसान झालं आणि दोन्ही युनिव्हर्सिट्या एकाच राज्य संस्थेच्या, म्हणून वरच्या मंडळाने यूसीएलएला सांगितलं की कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्या. तिथल्या लोकांनी त्याला 'कॅलिमनी' नाव ठेवलं, कॅलची पोटगी.

आणि नियतीचा विनोद असा की पॅक-१२ चा शेवटचा सीझन, २०२३ चा, कित्येक वर्षांतला सगळ्यात भारी होता. कोलोरॅडोला डिऑन सँडर्स हे गाजलेले माजी खेळाडू कोच म्हणून आले होते, देशभर त्यांचीच चर्चा. वॉशिंग्टन एकही मॅच न हरता राष्ट्रीय फायनलपर्यंत गेलं आणि तिथे मिशिगनकडून ३४-१३ हरलं. घर रंगवून झालं आणि पाडापाडी सुरू.

मागे उरले दोन, ओरेगन स्टेट आणि भाच्याचं वॉशिंग्टन स्टेट. कोणीच बोलावलं नाही. का नाही, तर त्यांचा बाजार लहान. वॉशिंग्टन स्टेट ज्या पुलमन गावात आहे तिथे गव्हा-मसुराच्या टेकड्या आहेत, गावची वस्ती ३३ हजारांच्या आसपास आणि स्टेडियमची क्षमताही जवळपास तेवढीच. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा जो प्रसिद्ध कार्यक्रम देशभर फिरतो त्यात मागे गर्दीत या युनिव्हर्सिटीचा झेंडा २००३ पासून दर आठवड्याला कोणी ना कोणी माजी विद्यार्थी फडकवत असतो, आपली टीम खेळत असो वा नसो. म्हणजे झेंडा दर शनिवारी टीव्हीवर, आणि टीव्हीवाल्यांच्या हिशोबात टीम शून्य. भाचा याच्यावर फार चिडतो.

पण हे दोघं गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले, पुलमन ज्या व्हिटमन काउंटीत येतं तिथल्याच. मुद्दा साधा, जे जाणार आहेत त्यांना सोसायटीच्या पैशाबद्दल मत देता येणार नाही, राहणारे आम्ही, मंडळ आमचं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही, आणि मग तडजोड. नाव, शिल्लक, येणं, स्टुडिओ, सगळं दोघांकडे. बिल्डिंग गेली पण प्लॉट आणि सोसायटीचं रजिस्ट्रेशन राहिलं. आणि वेळही मिळाला, कारण नियम असा की वरच्या पातळीवरच्या कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात, पण कमी झाले तर भरून काढायला दोन वर्षांची सवलत असते.

खेळायचं कोणाशी मग? २०२४ साठी त्यांनी शेजारच्या माउंटन वेस्टशी करार केला, १ कोटी ४० लाख डॉलर देऊन मॅचेस मिळवल्या. माउंटन वेस्टवाले हुशार, त्यांनी त्याच करारात कलम घातलं की आमचे सभासद पळवलेत तर दंड, पहिल्याला १ कोटी, पुढच्या प्रत्येकाला पाच-पाच लाखांनी वाढत. सप्टेंबर २०२४ मध्ये बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि तेच ते पत्रवाले सॅन डिएगो स्टेट पॅक-१२ मध्ये येणार असं जाहीर झालं, पाठोपाठ युटा स्टेट. पाच जणांचा दंड साडेपाच कोटी. तो भरायच्या ऐवजी पॅक-१२ कोर्टात गेली, म्हणाली हे कलमच बेकायदा आहे, आम्ही अडचणीत असताना आमच्याकडून लिहून घेतलंय.

म्हणजे जिला लुटलं म्हणून आपण हळहळलो तिने शेजारच्या घरी जाऊन तेच केलं, तेही त्यांच्याकडे जेवायला बसलेली असताना. भाच्याला हे मी म्हटलं तर तो म्हणाला, "मामा, तुला सिस्टम कळली नाही." मला वाटतं मला नेमकी तीच कळली. वरचा खालच्याचा सभासद घेतो, तो त्याच्या खालच्याचा. माउंटन वेस्टनेही मग टेक्ससच्या टोकाचं एल पासो, इलिनॉयचं नॉर्दर्न इलिनॉय असे सभासद जमवले, इलिनॉयमध्ये डोंगर कुठला ते विचारू नका.

नव्या पॅक-१२ ला मेम्फिस, टुलेन वगैरे पूर्वेकडचे हवे होते, ते आले नाहीत, गणित जमेना म्हणाले. नेवाडाच्या यूएनएलव्हीने माउंटन वेस्टमध्येच राहायचं ठरवलं. स्पोकेनचं गोन्झागा आलं, ते बास्केटबॉलमधलं मोठं नाव, पुलमनपासून दीड तासावर, खरा शेजारी, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही, त्यामुळे फुटबॉलचा आठवा शोधणं आलं. तो सापडला टेक्सस स्टेट, ३० जून २०२५ ला, पुलमनपासून अडीच हजार किलोमीटरवर. एक दिवस उशीर झाला असता तर त्यांची जुनी कॉन्फरन्स सोडायची फी ५० लाखांची एक कोटी होणार होती. सीबीएस, सीडब्ल्यू, यूएसए नेटवर्क असे टीव्हीवाले मिळाले आहेत, कमिशनर टेरेसा गूल्ड यांनी शून्यातून उभं केलंय म्हणायला हरकत नाही, आणि आठ फुटबॉल टीमची नवी सोसायटी सुरू व्हायची तारीख १ जुलै २०२६.

आता अडचणी काय ते सांगतो, फार न लांबवता. एक तर खेळाडू. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. जून २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. ज्याचा टीव्हीचा पैसा एवढा नाहीच तो कुठून देणार? कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) वॉशिंग्टन स्टेटमध्ये तयार झाला, मग मायामीला गेला आणि २०२५ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, देशात पहिला निवडला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीअर एक सीझन चमकला आणि ओक्लाहोमाला गेला. कोच जेक डिकर्टही वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीला गेले. पुलमन आता पहिलीपासून शिकवणारी शाळा झालीये, दहावीचा रिझल्ट दुसऱ्याच्या नावावर लागतो.

दुसरं म्हणजे प्लेऑफ. २०२४ पासून राष्ट्रीय किताबासाठी बारा टीम खेळतात, पहिल्याच वर्षी बॉयसी स्टेट माउंटन वेस्ट जिंकून थेट तिसऱ्या मानांकनावर गेलं होतं, म्हणजे लहानांना दार आहे. पण मोठ्या चार कॉन्फरन्सच्या बाहेरच्या सगळ्यांना मिळून खात्रीची म्हणावी अशी जागा एकच. आणि २०२६ पासूनच्या प्लेऑफच्या पैशातला साधारण २९-२९ टक्के वाटा बिग टेन आणि एसईसीचा. दोघांचेच निम्म्याहून जास्त झाले, बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं. नावात 'पॅक-१२' असलं तरी जुनी खुर्ची काही परत मिळालेली नाही.

भाचा आता सिएटलमध्ये नोकरी करतो. तिथे आपले सॉफ्टवेअरवाले मराठी लोक भरपूर, आणि ऑफिसात सगळे वॉशिंग्टनचे, म्हणजे जे सोडून गेले त्यांचे फॅन. या दोघांची मॅच, ॲपल कप, १९०० सालापासूनची, नोव्हेंबरच्या शेवटी थंडीत व्हायची. आता कॉन्फरन्स वेगळ्या म्हणून सप्टेंबरमध्ये उरकतात. २०२४ ची सिएटलला झाली, वॉशिंग्टन स्टेट २४-१९ ने पुढे, वॉशिंग्टनला शेवटचा एक यार्ड हवा होता, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि यांनी तो अडवला. आपल्याकडे रविवारची पहाट, भाच्याचा व्हिडिओ कॉल, मागे नुसता आरडाओरडा, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पुढच्या सप्टेंबरला मॅच पुलमनमध्ये होती, घरच्या मैदानावर, वॉशिंग्टन ५९, वॉशिंग्टन स्टेट २४. त्या सकाळी मी मेसेज केला, चहा झाला का. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं.